हवेवर एक, वेबसाइटवर भलतंच

प्रश्न असा आहे: मुंबईत एक छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. पगारी माणसं दोन, बाकी स्वयंसेवक. वेबसाइटवर कार्यक्रमपत्रिका आहे, थेट ऐकायची सोय आहे, जुने भागही आहेत. पण श्रोते फोन करून सांगतात की पानावर कवितेचा कार्यक्रम लिहिलाय आणि ऐकू येतेय पाककृती. वेबसाइट बघणारा मुलगा रोज सकाळी पत्रिका हाताने भरतो, तरी दुपारपर्यंत ती चुकतेच. यावर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? आणि गेल्या चार वर्षांची चुकीची पानं दुरुस्त करत बसावं का?

सॉफ्टवेअरचं नाव मी पुढे सांगतेच. पण ते आधी सांगितलं तर तुम्ही ते बसवाल आणि महिन्याभरात हाच प्रश्न पुन्हा विचाराल. गेली अठरा वर्षं मी मुंबईतल्या लहान-मोठ्या केंद्रांच्या वेबसाइट सांभाळते आहे आणि त्याआधी काही वर्षं ड्यूटी रूममध्ये क्यू शीट, म्हणजे त्या दिवशी काय केव्हा लावायचं याचा कागद, घेऊन बसले आहे. दोन्ही खुर्च्यांवरून पाहिल्यावर ठामपणे सांगते, तुमचा मुलगा कुठेही कमी पडत नाहीये. तो सकाळी दहाला पत्रिका भरतो आणि बदल होतो दुपारी पावणेचारला, स्टुडिओत. कवितेच्या कार्यक्रमाचे पाहुणे कुर्ल्याला लोकलमध्ये अडकलेले असतात. निवेदिका मनाशी हिशेब करते, संगणकातून पाककृतीचा जुना भाग शोधते, चार वाजायला दहा सेकंद असताना तो लावते आणि सुटकेचा श्वास सोडते. तिच्या दृष्टीने काम झालं. ते वेबसाइटला कळवणं हे तिचं काम आहे असं तिला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या दहा सेकंदांत तिला ते जमलं नसतं.

म्हणून माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरणार आहे: बदल जिथे घडतो तिथूनच तो वेबसाइटवर गेला पाहिजे, आणि तोही त्याच कृतीतून. निवेदिकेने पाककृतीचा भाग लावला, की तेवढ्यानेच पान बदललं पाहिजे. नंतर कुणीतरी कुणालातरी कळवायचं, असं ठेवलंत की ते राहून जाणारच.

आकाशवाणीत काम केलेल्यांना यातली अर्धी गोष्ट आधीच माहीत असते. तिथे फिक्स्ड पॉइंट चार्ट असतो, म्हणजे कोणत्या वारी कोणत्या वेळी कोणत्या प्रकारचा कार्यक्रम जाणार याचा ठरलेला साचा. त्यावरून त्या-त्या दिवसाची क्यू शीट बनते. आणि प्रत्यक्ष जे प्रसारित झालं, किती वाजता सुरू झालं, कुठे खंड पडला, ते लॉगबुकात लिहिलं जातं. साचा, आजचा बेत आणि घडलेलं, असे हे तीन वेगळे कागद आहेत. ते एकमेकांशी तंतोतंत जुळणार नाहीत हे तिथे गृहीतच असतं, म्हणून तर तीन आहेत. लहान केंद्रं वेबसाइट काढताना पहिला कागद उचलतात आणि तोच तिन्ही ठिकाणी वापरतात. साचाच 'आज' म्हणून दाखवतात, साचाच 'आत्ता' म्हणून आणि साचाच 'गेल्या मंगळवारी' म्हणून. तुमच्या चुकांचं मूळ इथे आहे.

मुंबईचं पहिलं नियमित केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, आणि कार्यक्रमांची माहिती देणारं छापील नियतकालिकही त्याच महिन्यात निघू लागलं. तेव्हापासून श्रोत्यांना पत्रिका वाचायची सवय आहे. पण छापील पत्रिका आगाऊ छापलेली आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असायचं, त्यामुळे थोडा फरक पडला तर तो समजून घ्यायचा. वेबसाइटला ती सवलत मिळत नाही. पानावर 'आत्ता सुरू आहे' असं लिहिलं, की तो त्या क्षणाबद्दलचा दावा होतो, आणि श्रोता तो लगेच कानाने तपासतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे हे तीन कागद वेबसाइटवर वेगळे करा. पुढच्या आठवड्याचं पान साच्यावरून आणि बेतावरून बनू दे. 'आत्ता' हा शब्द फक्त प्लेआउटकडून, म्हणजे स्टुडिओतून फाइली हवेवर लावणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, आलेल्या खबरेवरूनच उमटू दे. आणि काल-परवाचं पान लॉगवरून बनू दे. म्हणजे दिवस उलटला की बेत बाजूला पडतो आणि त्याच्या जागी घडलेलं येतं. हे आपोआप व्हायला हवं, कुणी रात्री बसून करण्यासारखं ते नाही.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या आकाराच्या केंद्राला मी लिब्रेटाइम किंवा अझुराकास्ट सुचवेन. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, पैसे लागत नाहीत. लिब्रेटाइममध्ये वेळापत्रक आणि प्लेआउट एकाच जागी असतं, आणि आत्ता काय चालू आहे, पुढे काय आहे, हे दुसऱ्या वेबसाइटला वाचता येईल अशा रूपात ते देतं. कार्यक्रमांपेक्षा गाण्यांचं प्रमाण जास्त असेल तर अझुराकास्ट सोपं पडतं. लिनक्स सांभाळू शकणारं माणूस असेल तर रिव्हेंडेल. त्याची लॉग ठेवण्याची पद्धत मला या तिन्हींत सर्वांत भरवशाची वाटते. आधीच एखादं विकतचं प्लेआउट असेल तर बदलू नका. बहुतेक सगळी प्लेआउट सॉफ्टवेअर दर नव्या फाइलबरोबर एक छोटी मजकूर फाइल लिहू शकतात किंवा एखाद्या पत्त्यावर निरोप पाठवू शकतात. आपल्याला तेवढंच लागतं.

तो निरोप कोणत्या दिशेने जातो याकडे मात्र नीट लक्ष द्या. स्टुडिओने वेबसाइटला सांगायचं, वेबसाइटने स्टुडिओला विचारायचं नाही. एका केंद्रात पान उघडणारा प्रत्येक श्रोता थेट स्टुडिओच्या संगणकाला दर दहा सेकंदांनी विचारत होता. एरवी ते खपून जायचं. गणपतीतल्या एका थेट आरतीला श्रोते वाढले आणि प्लेआउटच अडखळलं, आरती तुटत-तुटत गेली. त्यानंतर आम्ही ती दिशा उलटी केली. स्टुडिओ एकदाच वेबसाइटच्या सर्व्हरला कळवतो, सर्व्हर ती एक छोटी फाइल म्हणून ठेवतो आणि हजार श्रोत्यांना तीच देतो. स्टुडिओचं इंटरनेट घरगुती जोडणीवर असेल तर बाहेरून त्या संगणकापर्यंत पोचताही येत नाही, त्यामुळे हाच मार्ग सोयीचा.

आणि निरोप आलाच नाही तर? वीज जाते, वायर सुटते, संगणक अद्ययावत होण्यात गुंततो. प्रत्येक निरोपात 'हे किती वाजेपर्यंत खरं' तेही लिहा. गाणं चार मिनिटं वीस सेकंदांचं असेल तर तेवढा वेळ संपल्यावर गाण्याचं नाव पानावरून उतरलं पाहिजे आणि कार्यक्रमाचं नाव राहिलं पाहिजे. हे केलं नाही की निवेदक वीस मिनिटं गप्पा मारतो आणि पानावर मघाचंच गाणं अडकून बसतं, कारण माइकला फाइल नसते आणि फाइल नाही म्हणून निरोप नाही. पंधरा मिनिटं काहीच आलं नाही तर पानाने 'आत्ता' हा शब्दच सोडावा आणि 'ठरल्याप्रमाणे' असं लिहून बेत दाखवावा. श्रोत्याला एवढा प्रामाणिक फरक पुरतो. दावा न करणारं पान त्याला चालतं, खोटं बोलणारं चालत नाही.

जाहिरातींचं एक लक्षात ठेवा. प्लेआउट काहीही वाजलं तरी निरोप पाठवतं, त्यात स्पॉटही आले आणि जिंगलही. दुकानाचं नाव, 'वीस सेकंद', 'फायनल दोन' असं फाइलचं नाव थेट मुखपृष्ठावर आलेलं मी पाहिलं आहे. फाइलींना प्रकार द्या आणि गाणं व कार्यक्रम सोडून बाकी काहीही पानाकडे जाऊ देऊ नका.

आता घड्याळ. माझ्या अनुभवात 'पान चुकतं' अशा तक्रारींत मोठा वाटा घड्याळाचा असतो, आणि तिकडे कुणी बघत नाही. वेबसाइटचा सर्व्हर बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे मुंबईत मध्यरात्र झाली तरी सर्व्हरवर आदल्या संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात, आणि त्याची तारीख बदलते आपल्या पहाटे साडेपाचला. पान 'आज' हा शब्द सर्व्हरच्या तारखेवरून काढत असेल तर रात्री बारा ते पहाटे साडेपाच ते कालचीच पत्रिका दाखवत राहतं. कार्यालयात दहाला येणाऱ्या माणसाला हे कधीच दिसत नाही. दिसतं ते पहाटे पाचला अभंग लावून भाजी मार्केटला निघालेल्याला, रात्रपाळीच्या वॉचमनला आणि पहिली लोकल पकडणाऱ्या नर्सला. हे आपले सर्वांत नेमाने ऐकणारे श्रोते आहेत आणि ते सहसा फोन करून तक्रार करत नाहीत. वेबसाइटच्या सेटिंगमध्ये वेळेचा प्रदेश एशिया/कोलकाता निवडा. मग एकदा स्वतः पहाटे पाचला उठून पान उघडून बघा.

याला जोडूनच दिवस कुठे बदलतो हा प्रश्न येतो. 'रविवारी रात्री बारा वाजता' असं आपण म्हणतो तेव्हा संगणकाच्या हिशेबाने तो सोमवार असतो. आपल्याकडे पंचांगातला वारही सूर्योदयापासून मोजतात. पहाटेपर्यंत आदलाच दिवस चालू आहे, ही आपली जुनी समजूत. श्रोत्याच्या मनातला दिवस तसाच असतो. म्हणून पानावरचा प्रसारणाचा दिवस पहाटे पाचपासून पहाटे पाचपर्यंत धरा. आत नोंद मात्र खऱ्या तारखेनेच ठेवा. रात्री साडेअकराला सुरू होऊन साडेबाराला संपणारा कार्यक्रम दोन दिवसांत चिरला जाऊ नये, यासाठी हे लागतंच.

स्टुडिओतला संगणक आणि सर्व्हर, दोघांची घड्याळं इंटरनेटवरून आपोआप जुळवलेली हवीत. हाताने लावलेलं घड्याळ रोज थोडंथोडं सरकतं, महिन्याभरात अर्धा-एक मिनिट सहज. पूर्वी वेळेच्या ठोक्यांवर लोक घरातली घड्याळं लावायचे. रेडिओचंच घड्याळ चुकलेलं मला सहन होत नाही.

वेळेचाच आणखी एक पदर आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण तो कानाने सापडतो. एफएमवर आवाज जवळपास त्याच क्षणी पोचतो. इंटरनेटच्या स्ट्रीमवर तो उशिरा पोचतो. आइसकास्ट, म्हणजे स्ट्रीम श्रोत्यांपर्यंत पोचवणारा सर्व्हर, नव्या श्रोत्याला सुरुवातीला साधारण ६४ केबी एकदम देतो, म्हणजे ऐकणं लगेच सुरू व्हावं. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट (१६ किलोबाइट) पाठवणाऱ्या, स्ट्रीमला ते चार सेकंदांचं ऐकणं झालं, ६४ केबीपीएसला आठ सेकंदांचं. तेवढा श्रोता मागे राहतो, वर त्याच्या फोनचा साठा वेगळा. एचएलएस पद्धतीत आवाजाचे तुकडे पाडून पाठवतात. सहा सेकंदांचा एक तुकडा धरला आणि प्लेअरने तीन तुकडे मागून सुरुवात केली, तर अठरा सेकंद तिथेच गेले. आता प्लेआउटने निरोप पाठवला, पान लगेच बदललं, आणि श्रोत्याच्या कानात अजून आधीच्या गाण्याचा शेवटचा अंतरा चालू आहे. त्याला वाटतं पान चुकलं. यावर उपाय म्हणजे स्टॉपवॉच. एका कानात एफएम, दुसऱ्या कानात स्ट्रीम, अंतर मोजा, आणि पानावरचा बदल तेवढ्याने उशिरा दाखवा. बारा सेकंद निघाले तर बारा. फोन आणि संगणक दोन्हींवर मोजून मधला आकडा घ्या, त्यापेक्षा जास्त काटेकोर होण्यात अर्थ नाही.

आता अचानक होणाऱ्या बदलांबद्दल. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत जो पाऊस झाला, त्या दिवशी मी एका केंद्राची वेबसाइट बघत होते. लोकल बंद पडल्या. दुपारच्या निवेदकाला घरी जाता येईना, रात्रीचा येऊ शकेना. दुपारच्या निवेदकानेच ठरलेले सगळे कार्यक्रम बाजूला सारले आणि रात्रभर माइक उघडा ठेवला. कोणत्या रस्त्यावर पाणी आहे, कोणत्या मंडपात चहा आणि झोपायला जागा मिळते, कोण कुठे अडकलंय, हे तो सांगत राहिला. हवामान, वाहतूक, पाणी-वीज, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती देणं नियमांप्रमाणे बातम्यांत धरलं जात नाही, त्यामुळे ते करायला काही आडकाठी नव्हती. त्या केंद्राचं ते सर्वांत चांगलं प्रसारण होतं, असं मला आजही वाटतं. आणि वेबसाइटवर काय होतं? 'जुनी भावगीते', मग 'आरोग्य सल्ला', मग 'शांत निद्रेसाठी संगीत'. पुण्या-नाशिकला बसून मुंबईतल्या आपल्या माणसाची काळजी करणाऱ्यांनी पान उघडलं, नेहमीचंच चाललंय असं पाहिलं आणि बंद केलं. त्यांना त्या रात्री तो आवाज ऐकायला मिळायला हवा होता. मी स्वतः तेव्हा पाण्यात अडकलेली होते, आणि पान बदलण्याची किल्ली फक्त माझ्याकडे होती.

त्यानंतर मी जिथे काम केलं तिथे स्टुडिओच्या पडद्यावर तीन बटणं असलेलं एक साधं पान कायम उघडं ठेवायला लावलं. 'ठरल्याप्रमाणे', 'उशिरा', 'विशेष'. 'विशेष' दाबलं की बेत झाकला जातो आणि मुखपृष्ठावर एक ओळ येते, जी निवेदक स्वतः टाइप करतो. टाइप केली नाही तरी 'विशेष थेट प्रसारण' एवढं आपोआप येतं. पासवर्ड नाही, मंजुरी नाही. हवेवर काय जाणार हे ठरवण्याइतका आपण त्या माणसावर विश्वास टाकतो, तर पानावरच्या एका ओळीसाठी त्याला कुणाची परवानगी कशाला? काही केंद्रप्रमुखांना हे पटत नाही. त्यांना मी एवढंच विचारते, की रात्री अडीच वाजता मंजुरी द्यायला कोण जागं असणार आहे.

'विशेष'ला संपण्याची वेळ मात्र असू द्या, नाहीतर ते तीन दिवस तसंच राहतं. आणि ते दाबल्यावर श्रोत्यांच्या फोनवर जाण्यासाठी आधीपासून ठरवून ठेवलेले सगळे निरोप थांबले पाहिजेत. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. मी बघत असलेल्या एका केंद्राने कार्यक्रम लगेच बदलले, वेबसाइटही बदलली, पण आठवडाभर आधी लावून ठेवलेला 'आज संध्याकाळी हास्यमैफल' असा निरोप वेळेवर श्रोत्यांच्या फोनवर जाऊन पडला. लोक दुखावले, आणि ते बरोबरच होतं.

भागांच्या पानांबद्दल. कार्यक्रम, त्याचा एक भाग आणि त्या भागाचं प्रसारण, या तीन वेगळ्या वस्तू आहेत. मंगळवारी गेलेला भाग शनिवारी पुन्हा लागतो, तेव्हा प्रसारणं दोन असतात, भाग एकच. पुष्कळ वेबसाइटवर पुनःप्रसारणाला नवं पान तयार होतं आणि एकाच मुलाखतीची चार पानं चार तारखांनी पडलेली दिसतात. बीबीसीने २००७ मध्ये प्रत्येक भागाला स्वतःचं कायमचं पान द्यायला सुरुवात केली, आणि त्या पानावर तो भाग केव्हा-केव्हा लागला ते येत गेलं. छोट्या केंद्रालाही हे सहज जमतं. भागाला एक न बदलणारा क्रमांक द्या, तोच क्रमांक प्लेआउटमधल्या फाइलच्या नावात ठेवा. मग निवेदिकेने ऐनवेळी पाककृतीचा भाग ४१ लावला, तर निरोपात ४१ जातो आणि वेबसाइट बरोबर पान उघडते. नावावरून जुळवत बसायची पाळीच येत नाही.

आणि नावावरून जुळवू नकाच, कारण आपली लिपी. 'शेतकऱ्यांसाठी' हा शब्द टाइप करायच्या दोन पद्धती चालू आहेत. एकीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसरीत साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका केंद्रात या कार्यक्रमाचे अर्धे भाग शोधात सापडतच नव्हते, कारण दोन टंकलेखक दोन पद्धतींनी लिहीत होते. त्यात श्रीलिपी-कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात. कलाकारांच्या नावांची हीच गत. 'सुधीर फडके', 'बाबूजी' आणि 'फडके, सुधीर' अशा तीन नोंदी असल्या की वेबसाइटवर तीन गायक तयार होतात. एकच यादी करा, निवडायची सोय द्या, हाताने लिहायची देऊ नका.

नावांवरून आठवलं: परदेशी सॉफ्टवेअरमध्ये गाण्यासाठी 'शीर्षक' आणि 'कलाकार' असे दोनच रकाने मुख्य असतात. आपल्या श्रोत्याला गायक, संगीतकार आणि गीतकार तिघंही हवे असतात. रेडिओनेच त्याला तशी सवय लावली आहे, निवेदनात तिन्ही नावं घेऊन. 'दुपारी तीनच्या सुमाराला वाजलं ते गाणं कोणाचं?' हा प्रश्न प्रत्येक केंद्रात रोज येतो. आज वाजलेल्या गाण्यांची, वेळेसकट, तिन्ही नावांची यादी लॉगवरून आपोआप बनवा. मी केलेल्या कामांत श्रोत्यांनी सर्वांत जास्त मनापासून आभार मानले ते या यादीसाठी.

देवनागरी मजकूर पानावर 'à¤' अशी चिन्हं होऊन उमटत असेल तर आइसकास्टच्या सेटिंगमध्ये त्या माउंटसाठी, म्हणजे त्या स्ट्रीमच्या पत्त्यासाठी, यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत पद्धत लिहा. एमपीथ्री स्ट्रीमसाठी तो दुसरीच पद्धत गृहीत धरतो. एफएमबरोबर जाऊन मोटारीतल्या रेडिओच्या पडद्यावर दिसणाऱ्या आरडीएस मजकुराचं वेगळं: तिथे एका वेळी ६४ अक्षरं मावतात आणि नेहमीच्या यंत्रणेत देवनागरी जात नाही, त्यामुळे रोमन नाव वेगळ्या रकान्यात ठेवावं लागतं.

'पुन्हा ऐका' या बटणाबद्दल सावध राहा. रेडिओवर गाणं वाजवण्याचा हक्क आणि तेच गाणं वेबसाइटवर हवं तेव्हा ऐकू देण्याचा हक्क, हे दोन वेगळे आहेत. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१-ड रेडिओ-टीव्ही प्रसारणासाठी आहे. इंटरनेटवरून मागणीनुसार गाणी पुरवणाऱ्या सेवेला ते लागू होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणून गाण्यांचे कार्यक्रम साठवणीत टाकू नका. मुलाखती, श्रुतिका, आरोग्य, शेती, तुमच्या स्वतःच्या वस्तीतली माणसं, हे टाका. थेट स्ट्रीमसाठीही परवानग्या वेगळ्या लागतात का ते वकिलाकडून लेखी घ्या.

साठवणीचे भाग कापायचे तेही लॉगवरून. लॉगर सतत ध्वनिमुद्रण करत असतोच. सामुदायिक केंद्रांना प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवायची अटच आहे. १२८ केबीपीएसने एका तासाला ५७.६ एमबी, दिवसाला सुमारे १.४ जीबी, नव्वद दिवसांना साधारण १२५ जीबी. आज ही काही मोठी डिस्क नाही. बेतातल्या वेळेवरून कापलं की सुरुवात चिरते, कारण कार्यक्रम क्वचितच ठोक्याला सुरू होतो. लॉगमधली खरी वेळ घ्या आणि दोन्हीकडे अर्धा मिनिट जास्त ठेवा.

परदेशातल्या श्रोत्यांसाठी वेळेसोबत 'मुंबईची वेळ' असं लिहा आणि शेजारी त्यांच्या ब्राउझरची वेळ येऊ द्या. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही, त्यांचं हलतं. आपले रात्रीचे नऊ न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा असतात आणि हिवाळ्यात साडेदहा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, गेल्या चार वर्षांच्या चुकीच्या पानांचा. दुरुस्त करत बसू नका. त्या काळाचा लॉग तुमच्याकडे नसेल तर दुरुस्ती कशावरून करणार? आठवणीवरून केलेली दुरुस्ती ही नवी चूक असते. त्या सगळ्या पानांवर वर एक ओळ घाला: 'ही त्या दिवसाची नियोजित पत्रिका आहे.' ती खरी आहे आणि पुरेशी आहे. ज्या भागांचं ध्वनिमुद्रण हातात आहे त्यांना मात्र क्रमांक द्या आणि ऐकून नावं लिहा, कारण ती माणसं खरोखर तुमच्या माइकसमोर बसली होती आणि त्यांची नातवंडं कधीतरी शोधत येतील. त्या मुलाला रोज सकाळी पत्रिका भरण्यातून सोडवा आणि हे काम द्या. रोज तीन भाग केले तरी वर्षात हजार होतील.